खोटी ठरवलेली बातमी

१९ जानेवारी १९८१, सोमवार

पुण्याहून प्रकाशकांचं पत्र आलं. एकाहत्तरच्या लढाईवरच्या माझ्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे. मागच्या पानासाठी दहा ओळींत परिचय हवा. तीन कागद फाडल्यावर हे जमलं: निवृत्ती गांगुर्डे. जन्म मनमाडचा, वडील रेल्वेत गँगमन. नऊ वर्षं लष्करात हवालदार-कारकून. मग नाशिकच्या दैनिकात मुद्रितशोधक. एकाहत्तरच्या युद्धात त्याच दैनिकाने आघाडीवर पाठवलं, तेव्हापासून संरक्षण-वार्ताहर.

बायकोला, लताला, वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "आघाडीवर तुम्ही अकरा दिवस होतात. लोकांना वाटेल वर्षभर होतात."

परिचयात दिवस मोजत नाहीत, असं मी सांगितलं. पण गेली दहा वर्षं लष्करावर जिल्ह्यात माझ्याइतकं कोणी लिहिलेलं नाही, हे तर खरं आहे. अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये मला नावाने ओळखतात. पत्रकारांमध्ये हा मान दुसऱ्या कोणाला नाही.

२८ जानेवारी, बुधवार

आज करंजपाड्याला गेलो होतो. पश्चिमेकडच्या डोंगरात गोळीबाराचं मैदान आहे, त्याच्या कडेला तीस-बत्तीस घरांचा हा पाडा. सोमवारी, झेंडावंदनाच्या दिवशी, पुंजा नावाचा माणूस मैदानात तोफगोळा फुटून मेला. तालुक्याच्या वार्ताहराने दोन ओळी पाठवल्या होत्या. मला वाटलं स्वतः जाऊन यावं. बस घाटाखाली सोडते, पुढे दीड तास चाल.

पुंजाची बायको भागीबाई ओट्यावर बसली होती. दोन मुली तिला चिकटून. मी पेपरवाला आहे म्हटल्यावर ती पदर सावरून बोलायला लागली. गोळीबार थांबला की पाड्यातले लोक मैदानात शिरतात, गोळ्यांच्या तांब्याच्या पट्ट्या वेचतात आणि घोटीला भंगारात विकतात. हे बेकायदा आहे हे त्यांना ठाऊक आहे.

मी विचारलं, "न फुटलेला गोळा आत असेल, याची भीती वाटत नाही?"

"आमी मोजतो ना," ती म्हणाली. "इकडून गोळा जातो त्याचा एक आवाज. तिकडं पडतो त्याचा दुसरा. जितके गेले तितके फुटले पायजेत. कमी पडले तर आमी जात नाय."

"मग त्या दिवशी?"

"आदल्या रोजाला तीन कमी पडले. म्हनून थांबले सगळे. मग रातचे तीन आवाज आले. आपोआप. हे म्हनले, चला, भरले. सकाळचे गेले." तिने मुलींना जवळ ओढलं. "चौथा कोनी मोजला नव्हता."

आपोआप, सात-आठ तासांनी फुटणारे गोळे. नऊ वर्षांच्या नोकरीत असं ऐकलं नव्हतं. एखादा गोळा न फुटणं वेगळं. हे फ्यूजचं, म्हणजे गोळा फोडणाऱ्या कळीचं, दुखणं आहे. आणि मैदानात जे पाड्यावरच्या माणसाचं झालं, ते लढाईत आपल्याच तोफेवरच्या जवानाचंही होऊ शकतं.

१ फेब्रुवारी, रविवार

सहादू आणि त्याची बायको सुमन जेवायला आले होते. सहादू केदारे लष्करात माझ्या हाताखाली होता. फौज सोडल्यावर लष्करी कोठाराच्या कचेरीत त्याला कारकुनी मिळाली, अर्ज मीच लिहून दिला होता. तेव्हापासून तो मला दादा म्हणतो. सुमनला मूलबाळ नाही, ती आठवड्यात दोनदा तरी लताकडे असते.

जेवताना मी करंजपाड्याचं सांगितलं. उशिरा फुटणाऱ्या गोळ्यांचा विषय निघाला आणि सहादूने हातातला घास ताटात ठेवला.

"काय रे?"

"काही नाही, दादा. मला ते विचारू नका."

मी नाहीच विचारलं. फक्त पुंजाच्या दोन मुली किती लहान आहेत, एवढं बोललो. आणि तोफेवरच्या पोरांचं बोललो. आपण दोघांनी त्यांच्या सोबत जेवण घेतलेलं आहे, एवढंच. बळजबरी करणं माझ्या स्वभावात नाही.

ते गेल्यावर लता म्हणाली, "त्याने भाकरी टाकली आज. कधी टाकत नाही."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

या दहा दिवसांत सहादूच्या घरी तीनदा गेलो. सहज. आज संध्याकाळी तो स्वतः आला. जेवणाच्या डब्यात, पोळ्यांच्या खाली, चार घड्यांचा कागद होता. कार्बन प्रत.

एका लॉटमधले दोनशे गोळे तपासले, एकतीस गोळ्यांचे फ्यूज वेळेवर चालले नाहीत. शेरा: वापरास अयोग्य, वरिष्ठांचा आदेश येईपर्यंत बाजूला ठेवावे. त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात: सरावासाठी वापरावे. म्हणजे खराब म्हणून ठरलेला माल सरावाला दिला गेला आणि मैदानात पडला.

"फाइलमधून काढून आणलाय," सहादू म्हणाला. "सोमवारी परत लावायचा आहे मला. तुम्ही बघून घ्या, उतरवून घ्या, पण कागद सोमवारी पाहिजे."

"सोमवारी मिळेल."

मी म्हणालो, तू आज मोठं काम केलंस. तो म्हणाला, "मोठं नको दादा, फक्त माझं नाव नको."

मी शब्द दिला. या धंद्यात एवढीच तर गोष्ट आपल्या हातात असते.

१६ फेब्रुवारी, सोमवार

अण्णा, म्हणजे आमचे संपादक, म्हणतात असली बातमी उतरवलेल्या टिपणावर छापता येत नाही, मूळ कागद जवळ हवा. वकिलांना दाखवायचा आहे. वकील सटाण्याला गेलेत. सहादूला निरोप दिला की दोन दिवस थांब.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सहादू दैनिकाच्या कचेरीत आला. असा तो कधी येत नाही. मी दुसऱ्या मजल्यावरून खाली गेलो. जिन्याशी उभं राहूनच बोललो.

"दादा, कागद."

"अण्णांच्या टेबलात आहे. परवा देतो."

"फाइल मागवलीय वरून. मी म्हटलं शोधतोय."

"तर मग शोध अजून दोन दिवस," मी हसून म्हणालो. तोही हसला. कंपोझिंगवाले हाका मारत होते. गडबडीत चहासुद्धा विचारायचं राहिलं.

२ मार्च, सोमवार

आज पहिल्या पानावर, चार कॉलम. माझ्या नावानिशी. दहा वर्षांत असा दिवस आला नव्हता. दुपारपर्यंत प्रती संपल्या. मुंबईहून दोन पत्रकारांचे फोन. एका आमदाराने प्रश्न विचारणार असं कळवलं आहे. अण्णांनी सगळ्यांना पेढे दिले.

मेसमधल्या एका ओळखीच्या कर्नलसाहेबांना फोन केला. कामात आहेत असं सांगण्यात आलं.

७ मार्च, शनिवार

दिल्लीहून सरकारी खुलासा आला. 'सदर वृत्त निराधार व खोडसाळ असून असा कोणताही लॉट अस्तित्वात नाही.' सोबत अण्णांना एक फोन आला. कोणाचा ते त्यांनी सांगितलं नाही. फोन ठेवून त्यांनी खिडकी लावून घेतली. मग म्हणाले, छपाईच्या कागदाचा कोटा सरकारच्या हातात आहे, जाहिराती त्यांच्या हातात आहेत, दीडशे माणसं इथं जेवतात. दिलगिरी छापायची.

"आपल्याकडे कागद आहे, अण्णा."

"तो कागद आपल्याकडे सापडला तर आपण दोघं आत, आणि ज्याने दिला तोही."

हे मला पटलं. दिलगिरी मीच लिहिली, म्हणजे निदान शब्द आपले राहतील. एक वाक्य मुद्दाम घातलं: 'सदर वृत्तास कोणत्याही शासकीय कागदपत्राचा आधार नव्हता.' कागदच नव्हता म्हटल्यावर कागद देणाऱ्याला कोण शोधणार? सहादूसाठी एवढं तरी करता आलं. वाक्य लिहून झाल्यावर मला हलकं वाटलं.

नंतर छापखान्यामागच्या अंगणात, जिथे रद्दी जाळतात तिथे, अण्णांनी तो कागद माझ्यासमोर जाळला. सहादूला परत द्यायचा होता, हे मला तेव्हा आठवलं. पण आता फाइलमध्ये लावणं तसंही धोक्याचंच झालं असतं.

१८ मार्च, बुधवार

सहादूला काल कचेरीतून नेलं.

२२ मार्च, रविवार

सुमन आली. पाच दिवसांत तिने काही खाल्लेलं दिसत नव्हतं. लताने तिला आधी जेवायला बसवलं, मग बोलू दिलं.

घराची झडती झाली. गाद्या फाडल्या. सहादूचा भाऊ सुरतेला कापडाच्या गिरणीत आहे, त्याची पत्रं नेली. त्यांचं म्हणणं, कागद परदेशात गेला, सुरतेमार्गे मुंबई आणि तिथून पुढे. सहादू सांगतो आहे की कागद पेपरवाल्याला दिला. ते म्हणतात, पेपरने तर छापलंय की त्यांच्याकडे कागदच नव्हता.

मी म्हणालो, "सुमन, काहीही झालं तरी त्याचं नाव माझ्या तोंडून बाहेर पडणार नाही. मी शब्द दिलाय त्याला."

ती म्हणाली, "नाव त्यांच्याकडे आहे, दादा. तो तर आतच आहे. कागद कुठं गेला ते त्यांना पाहिजे. तुम्ही एवढंच सांगा की तुमच्याकडे आला होता."

तिला मी समजावलं. पत्रकाराने एकदा स्रोत उघड केला की पुढे कोणी त्याच्याकडे येत नाही. हा प्रश्न एका माणसाचा नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. जाताना लताला म्हणाली, "वहिनी, मी जाते."

मला काही म्हणाली नाही. घाबरलेली आहे. साहजिक आहे.

११ एप्रिल, शनिवार

वकील भिकनराव सटाण्याकडचे. कोर्टात शुद्ध बोलतात, आपल्या माणसांत अहिराणीवर येतात. त्यांना स्पष्ट विचारलं, मी जबानी दिली तर काय होईल.

"तुम्हाला धरतील का नाही, ते सांगता येत नाही," ते म्हणाले. "धरलं तर बातमी खरी ठरते, म्हणून बहुतेक धरणार नाहीत. पण गुपितांच्या कायद्यात चौदा वर्षांपर्यंत आहे. कागद बाळगणं हाही गुन्हा, जाळणं हाही. अण्णाही गोत्यात येतील. तुम्ही गप्प बसा. हाई असं शे, गांगुर्डे."

संध्याकाळी पत्रकार संघात माझं भाषण होतं, आधीच ठरलेलं. विषय 'वार्ताहर आणि विश्वास'. स्रोताच्या गुप्ततेवर बोललो. खूप टाळ्या पडल्या.

गप्प राहतो आहे तो तत्त्वासाठी. ही गोष्ट इथे लिहून ठेवतो.

१४ एप्रिल, मंगळवार

जयंतीची मिरवणूक. आमच्या कॉलनीतून दरवर्षी सहादू निळा झेंडा घेऊन पुढे असतो. या वर्षी त्याच्या जागी दुसरं कोणी होतं. सुमन आली नाही. बायका तिच्याविषयी हळू आवाजात बोलत होत्या. एकजण म्हणाली, देशाशी गद्दारी केलेल्याच्या घरी पाणी कसं प्यायचं. ज्या घरातल्या दोन पिढ्या फौजेत गेल्या, त्या घराविषयी हे बोलणं.

लता तिथून उठली आणि सरळ सुमनकडे गेली. मी मिरवणुकीत राहिलो. संयोजकांच्या पत्रिकेत माझं नाव होतं.

२० जून, शनिवार

तीन महिने झाले, जामीन नाही. भेट फक्त रक्ताच्या नात्याला आणि बायकोला. मी अर्ज केला होता, फेटाळला.

आज सुमन पुन्हा आली होती. सरकारी खोली सोडावी लागली, कॉलनीत एका टोकाला पत्र्याची खोली घेतली आहे. ती माझ्याशी बोलली नाही, लताशीच बोलली. मी पडद्याच्या अलीकडे होतो. सहादूच्या उजव्या कानाला ऐकू येईनासं झालंय, असं सांगत होती. कशामुळे, ते लताने विचारलं नाही.

ती गेल्यावर लता माझ्यासमोर येऊन बसली. बावीस वर्षांच्या संसारात ती अशी कधी बसली नव्हती.

"एक विचारू? तुम्ही कोणाला वाचवताय?"

"त्याला."

"तो म्हणतोय मला वाचवू नका, खरं सांगा. मग?"

मी तत्त्वाचं बोलायला लागलो. तिने मध्येच थांबवलं. "तुम्ही घाबरलात याचं मला काही वाटत नाही. माणूस घाबरतो. मलाही वाटतं तुम्ही आत जाऊ नये. पण ते तसं म्हणा."

रात्रभर झोप नाही. ती म्हणते ते सगळं खरं नाही. पण काही आहे.

६ जुलै, सोमवार

आज गेलो. कोणाला न विचारता. भिकनरावांना नाही, अण्णांना नाही. फक्त लताला सांगितलं. तिने एका पिशवीत टॉवेल, साबण आणि एक जोडी कपडे भरून दिले. आजच ठेवून घेतील असं दोघांनाही वाटत होतं.

चौकशी अधिकारी माझ्याच वयाचा. सभ्य माणूस. चहा मागवला. माझं एकाहत्तरचं पुस्तक त्याने वाचलेलं होतं, वडिलांना भेटही दिलं होतं. मी सगळं सांगितलं. कागद माझ्याकडे आला, कधी आला, कसा आला, त्यावर काय होतं, किती गोळे, किती खराब. जाळला तेही सांगितलं. तो लिहून घेत नव्हता.

"लिहून घ्या," मी म्हणालो.

"काय लिहून घेऊ, गांगुर्डेसाहेब? असा लॉट नाही, हे सरकारने लोकसभेत सांगितलंय. तुमची बातमी खोटी होती. खोट्या बातमीमागे खरा कागद कसा असेल?"

"मग सहादूने कोणता कागद नेला? जो नाहीच, तो?"

"त्याने नेलेला कागद वेगळा. तो गुप्त आहे. त्यात काय आहे ते मी तुम्हाला सांगू शकत नाही, आणि तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही."

मी आवाज चढवला असेन. त्याने खण उघडून एक कात्रण पुढे केलं. आमची दिलगिरी. शेवटच्या वाक्याखाली लाल रेघ. "हे तुम्ही छापलंत. कोणी लिहिलं होतं?"

"मी."

"तेव्हा खरं लिहिलं होतं की आज खरं बोलताय? तेव्हाचं खोटं असेल तर तुम्ही खोटं लिहिणारे आहात. मग आजच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार?" हे तो टोचून बोलत नव्हता. खरंच समजावून सांगत होता. "घरी जा. तुम्ही आरोपीचे जुने मित्र आहात, मदत करू बघताय, हे आम्ही समजू शकतो."

फाटकापर्यंत सोडायला आला. पिशवी माझ्या हातात तशीच होती. पायी घरी आलो. लताने दार उघडलं, पिशवी घेतली, कपडे परत कपाटात ठेवले.

मार्चमध्ये गेलो असतो तर? कात्रण तेव्हाही त्यांच्याकडे होतंच. पण मार्चमध्ये आरोपपत्र झालं नव्हतं. आज भिकनरावांनाही हेच विचारलं. त्यांनी पुढच्या अशिलाला आत बोलावलं.

१९ ऑगस्ट, बुधवार

दिल्लीला जाऊन आलो. चार दिवस. ज्या आमदाराने प्रश्न विचारला होता, त्याच्या ओळखीने एका खासदाराकडे गेलो, त्यांनी एका सचिवाकडे पाठवलं, सचिवाच्या कारकुनाने अर्ज ठेवून जा म्हणून सांगितलं. कर्नलसाहेब आता दिल्लीत आहेत. त्यांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात पाऊण तास बसलो. बाहेर आले ते उभ्यानेच बोलले.

"निवृत्ती, तू फौजेतला माणूस. तुला हे करायला नको होतं."

"साहेब, गोळे खराब होते."

"मी काही म्हणालो का, की नव्हते?" असं म्हणून ते आत गेले.

परतीच्या गाडीत मनमाडपर्यंत उभा होतो. बसायला जागा होती. बसवेना.

३ सप्टेंबर, गुरुवार

अण्णांनी संरक्षणाचं काम काढून घेतलं. बाजारभाव आणि बाजार समितीच्या सभा बघायच्या. कांदा, द्राक्षं, भुईमूग. पगार तोच.

११ मार्च १९८२, गुरुवार

खटला बंद दाराआड चालला. मला बचावाचा साक्षीदार म्हणून एकदाच आत घेतलं. दहा मिनिटं. ते कात्रण पुन्हा वाचून दाखवलं गेलं. वाक्य तुमचं का, विचारलं. हो म्हणालो. त्यापुढचं मी बोलायला लागलो तर ते गुपितात मोडतं म्हणून नोंदवलं गेलं नाही.

सहादू लाकडी कठड्यात उभा होता. वर्षाने बघितलं त्याला. डावा कान माझ्याकडे करून ऐकत होता. माझी नजर गेली तेव्हा त्याने, पूर्वी फौजेतल्या कचेरीत करायचा तशी, मान झुकवून ओळख दिली.

सात वर्षं.

बाहेर सुमनला मी सांगायला गेलो. तिला आधीच कळलं होतं. लता तिला धरून उभी होती. माझ्यासाठी तिथे करायला काही नव्हतं, म्हणून रिक्षा शोधायला गेलो.

३० मे, रविवार

सात वर्षांच्या शिक्षेविरुद्ध अपील केलं आहे. भिकनराव म्हणतात, चार-पाच वर्षं लागतील.

प्रकाशकांना नव्या पुस्तकाचं सगळं हस्तलिखित पाठवलं होतं. उशिरा फुटणाऱ्या गोळ्यांचं प्रकरण, सहादूचं प्रकरण, सगळं. लतामार्फत सुमनची परवानगी घेतली होती. ती म्हणाली होती, नाव घालून लिहा, आता काय राहिलंय. आज हस्तलिखित परत आलं. 'शेवटची दोन प्रकरणे वगळल्यास विचार करता येईल.' वगळून काय राहतं ते बघत बसलो. तोफांची वर्णनं राहतात. चांगली आहेत.

कळवलं की नको.

२१ नोव्हेंबर, रविवार

दीड वर्ष मनात होतं, आज करंजपाड्याला गेलो. दम लागला. भागीबाईने ओळखलं. मोठ्या मुलीचं लग्न ठरवते आहे. चहा ठेवला, गुळाचा.

विचारायचं की नाही, ते ठरत नव्हतं. शेवटी विचारलं, "आता मैदानात जातं का कोणी?"

"जातात ना. जाऊन काय करनार." मग आपणहून म्हणाली, "आता आवाज बराबर येतात. जितके जातात तितके. होळीनंतर गोळे बदलले त्यांनी, त्याच वरसी. रातचा आवाज तवापासून एक बी नाय. कोनी मेला नाय."

मी पुन्हा विचारलं. कोणती होळी? पुंजा गेल्यानंतरची? हो, तीच. म्हणजे एक्याऐंशीचा मार्च. बातमी छापली त्या महिन्याच्या शेवटाला. जो लॉट नाही म्हणून सांगितलं, तो काढून घेतला होता. सहादूला नेल्यानंतर दहा-बारा दिवसांच्या आत.

भागीबाईला सहादूचं काही माहीत नव्हतं. सांगावंसं वाटलं. मग वाटलं, हिने ते घेऊन काय करायचं. चहा पिऊन उठलो. उतरताना दोनदा बसावं लागलं.

२४ नोव्हेंबर, बुधवार

भिकनरावांना सांगितलं. पाड्यावरच्या तीस घरांचे जबाब घेता येतील, मी म्हणालो.

"कशाचे जबाब? आम्ही लष्कराच्या मैदानात बेकायदा शिरतो आणि आवाज मोजतो, याचे?" ते म्हणाले. "पहिले त्यांनाच आत टाकतील, भाऊ."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

२९ नोव्हेंबर, सोमवार

सहादूला पत्र लिहिलं होतं. फक्त एवढं: 'आवाज बरोबर येतात. कोणी मेलं नाही.' तुरुंगातून परत आलं. शिक्का: आक्षेपार्ह मजकूर.

९ जानेवारी १९८३, रविवार

सुमन काल भेटीला जाऊन आली. मी तिला करंजपाड्याचं सांगितलं होतं, त्याला तोंडी सांग म्हणून. आज ती आली, माझ्यासमोर बसली. दीड वर्षात पहिल्यांदा.

"सांगितलंस?"

"सांगितलं. डाव्या कानाशी मोठ्याने बोलावं लागतं, जाळीतून. शेजारी शिपाई उभा असतो. मी म्हटलं, गावाकडचं सगळं बरं आहे, कोणी आजारी नाही. त्यांना कळलं."

"काय म्हणाला?"

"बरं झालं म्हणाले. मग सुरतेच्या दिरांच्या मुलीचं विचारलं. मग वेळ संपली."

आणखी काही असेल असं वाटलं. नव्हतं.

तिने सांगितलं की ती खोली सोडते आहे. येवल्याला तिची मावसबहीण पैठणीच्या मागावर रेशीम उकलायचं काम करते, तिथे जाणार. इथे नळावर बायका अजून भांडं मागे घेतात.

मी म्हणालो, मुंबईला एक वकील आहेत, मानवी हक्कांचं बघतात, त्यांना भेटतो. राष्ट्रपतींना अर्ज करतो. दिल्लीला पुन्हा जातो.

सुमनने ऐकून घेतलं. मग अगदी शांतपणे म्हणाली, "दादा, तुम्ही आता काही करू नका."

"असं कसं, सुमन?"

"रागावून नाही म्हणत. तुम्ही दिल्लीला जाऊन आलात, त्यानंतर महिनाभर त्यांना एकट्याला ठेवलं होतं. ते पत्र परत आलं ना, त्याची पण चौकशी केली त्यांची. आवाज कसला म्हणून. तुम्ही काही केलं की तिकडं त्यांना काहीतरी होतं. आता राहू द्या."

लता आतून आली होती, दाराशी उभी होती. ती माझ्या बाजूने काही बोलेल, असं क्षणभर वाटलं.

१६ जानेवारी, रविवार

सुमनला येवल्याच्या गाडीत बसवायला एसटी स्टँडवर गेलो. एक ट्रंक, एक शिलाई मशीन, एक गाठोडं. मशीन टपावर चढवायला मी हात लावला. कंडक्टर म्हणाला, तुम्ही सोडा काका, आम्ही करतो.

लताही गाडीत चढली. आधी काही बोलली नव्हती. सुमनची खोली लावून देते, एकटी काय काय करेल, म्हणाली. तिच्याजवळ पिशवी होती, म्हणजे घरून ठरवून निघाली होती.

"कधी येशील?"

"बघू. तुमचं जेवण दोन दिवसांचं झाकून ठेवलंय. पुढचं खानावळीत सांगा."

गाडी फलाटावरून मागे निघाली. दोघी एका बाकावर, खिडकीशी सुमन. तिने हात जोडले. मीही जोडले. गाडी वळून गेली तरी थोडा वेळ तिथेच उभा होतो. मग बाजार समितीत जायचं होतं, रविवारी द्राक्षांची सभा होती, तिकडे गेलो. टिपणं घेतली. बातमी देऊन घरी आलो आहे.

घरात आवाज नाही. अर्ज लिहायला कागद घेतला होता. लिहिला नाही.